सुधारित ऑडिओ सीडी : ध्वनिगुणवत्तेची तुलना

साध्या ऑडिओ सीडीचे मानक फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवले. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (मोजमापे) आणि प्रत्येक नमुना १६ बिटांच्या आकड्यात, ही त्याची चौकट. पुढे अधिक चांगल्या आवाजाचा दावा करणारे अनेक प्रकार निघाले. त्यांची सरसकट क्रमवारी लावणे फसवे आहे, कारण कुठे नुसते प्लास्टिक बदलले आहे, कुठे संकेतन (माहिती भरण्याची पद्धत), तर कुठे अख्खी चकतीच वेगळी आहे. (गाण्यांसोबत चित्रफिती देणारी ‘एन्हान्स्ड सीडी’ यात येत नाही, तिच्यातले संगीत साध्या सीडीचेच असते.)

प्लास्टिक किंवा चकती घडवण्याची पद्धत बदलणारे प्रकार जपानचे. एसएचएम-सीडीत एलसीडी पडद्यांसाठी बनवलेले अधिक पारदर्शक पॉलिकार्बोनेट वापरतात. ब्लू-स्पेक सीडीची मूळ साचा-चकती निळ्या लेसरने कोरतात. दोन्ही २००८ च्या सुमारास आल्या आणि कुठल्याही प्लेअरवर चालतात. पण त्यांच्यावरची माहिती १६ बिटांचीच. शिवाय सीडीची त्रुटिदुरुस्ती पद्धत मार्गावरची सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची सलग खराबीही पूर्ण भरून काढते, त्यामुळे माहिती साठवणारे चकतीवरचे सूक्ष्म खळगे थोडे रेखीव झाल्याने वाचलेले आकडे बदलत नाहीत. पडताळा सोपा आहे : एकाच मास्टरची (चकती छापण्यासाठी तयार केलेल्या अंतिम ध्वनिमुद्रणाची) साधी सीडी आणि एसएचएम-सीडी संगणकावर उतरवायची, एकीची तरंगाकृती उलटी करून दुसरीत मिसळायची. उरते ती शांतता. काही उरलेच, तर मास्टर वेगळे होते असे समजावे. जाहिरातीतला ‘फरक’ बहुधा तिथलाच असतो. जेव्हीसी या जपानी कंपनीच्या एक्सआरसीडीचे यश तर उघडच मास्टरिंगमधल्या, म्हणजे मास्टर तयार करण्यातल्या, काटेकोरपणाचे आहे.

एचडीसीडी हा खरा गुंतागुंतीचा प्रकार. पॅसिफिक मायक्रोसॉनिक्सने तो १९९० च्या दशकात आणला आणि २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला. यात सर्वांत खालच्या बिटात अधूनमधून सांकेतिक सूचना दडवलेल्या असतात. मास्टरिंग करणाऱ्याने ठरवले असेल, तर आवाजाची शिखरे दाबून भरलेली असतात आणि डिकोडर (त्या सूचना वाचणारा प्लेअरमधला भाग) ती ६ डेसिबलपर्यंत पुन्हा उंचावतो. डिकोडर नसेल तर शिखरे दबलेलीच ऐकू येतात, म्हणजे साध्या प्लेअरवर अशी चकती उलट थोडी तोट्यातच असते. अनेक एचडीसीडींवर ही सोय वापरलेलीच नाही; तिथे प्लेअरवर नुसता एचडीसीडीचा दिवा लागतो. शिवाय शिखरांना जागा मिळावी म्हणून डिकोडर एकूण पातळी खाली आणतो. आवाजाची पातळी जुळवल्याशिवाय तुलना केली, तर कानाला मोठा आवाज अधिक चांगला वाटतो आणि निकाल तिथेच बिघडतो.

एसएसीडी म्हणजे सुपर ऑडिओ सीडी (१९९९) साध्या सीडीची चौकटच सोडते : एक बिट, सेकंदाला २८,२२,४०० नमुने. वीस किलोहर्ट्झच्या खाली तिची गोंगाट-पातळी सीडीपेक्षा बरीच कमी असते. त्या बदल्यात गोंगाट ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्ट्यात ढकललेला असतो. डीव्हीडी-ऑडिओत २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत सोय होती. कागदावर दोन्ही सीडीपेक्षा निर्विवाद सरस.

कानांचा निकाल मात्र एवढा स्पष्ट नाही. मेयर आणि मोरन या अभ्यासकांनी २००७ मध्ये अशा चकत्यांचा आवाज मध्येच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या टप्प्यातून नेला आणि श्रोत्यांना फरक ओळखायला सांगितले. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवण्याइतकीच. गोंगाटातला फरक केवळ अतिशय वाढवलेल्या आवाजात, शांत जागी कळला. तरी या चकत्या बहुतेक बाजारू सीडींपेक्षा चांगल्या वाजतात हे त्यांनीच नोंदवले आणि त्याचे श्रेय मास्टरिंगला दिले. संकरित एसएसीडीच्या (जिच्यात साध्या सीडीचा थरही असतो) दोन थरांची तुलना करताना हीच अडचण येते, कारण दोन्ही थर एकाच मास्टरचे असतील याची खात्री नसते. जोशुआ रीस या संशोधकाने २०१६ मध्ये अशा फरक-ओळखीच्या १८ प्रयोगांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा अचूक ओळखीचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. आधी प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांत ते लक्षणीय वाढले.