सागरी सुरक्षेत संशोधन करायचंय? नेट आणि पीएचडीच्या अर्जाआधी हे वाचा

सागरी सुरक्षेवर लिहिणारे-बोलणारे बरेच तज्ज्ञ नौदलातून आलेले असतात. वर्दी न घालता या क्षेत्रात यायचं तर वाट विद्यापीठातून जाते. एमए, यूजीसी-नेट, पीएचडी आणि मग प्राध्यापकी किंवा दिल्लीच्या नॅशनल मेरिटाइम फाउंडेशनसारख्या संस्थेत संशोधन.

नेट ही प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. ती एनटीए (नॅशनल टेस्टिंग एजन्सी) घेते, साधारण वर्षातून दोनदा. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. एससी, एसटी, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५० टक्के पुरतात. शेवटच्या वर्षाला असलात तरी अर्ज भरता येतो. जेआरएफसाठी (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठी मिळणारी शिष्यवृत्ती) वयाची मर्यादा ३० वर्षं आहे, महिला आणि या प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत. फक्त सहायक प्राध्यापक पात्रता हवी असेल तर वयाची अट नाही.

विषय निवडताना घाई नको. ‘संरक्षण आणि सामरिकशास्त्र’ (कोड ११) वेगळा आणि आंतरराष्ट्रीय संबंधांसह राज्यशास्त्र (कोड ९०) वेगळा. ज्या विषयात एमए केलं, तोच भरायचा. पुणे विद्यापीठातून संरक्षणशास्त्रात एमए केलेल्यांनी ११ घ्यावा.

फोटो, सही, ओळखपत्र, गुणपत्रिका ही कागदपत्रं सहज जमतात. आपल्याकडची मुलं अडकतात ती जातीच्या दाखल्यावर. ओबीसी सवलत केंद्राच्या यादीनुसारच मिळते. जात फक्त राज्याच्या यादीत असेल किंवा हातात राज्याच्या एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गाचा दाखला असेल, तर अर्ज खुल्या प्रवर्गातून भरावा लागतो. दाखला केंद्राच्या नमुन्यात आहे ना, हे तहसील कार्यालयातून घेतानाच बघा.

२०२४ पासून पीएचडी प्रवेशालाही नेटचे गुण धरतात. जेआरएफ न मिळालेल्यांसाठी ७० टक्के भार नेटचा, ३० टक्के मुलाखतीचा, आणि प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. मुलाखतीत ‘हिंदी महासागरातील सुरक्षा’ असा ऐसपैस विषय सांगितला की पहिल्याच उलटप्रश्नाला गाडी अडते. त्यापेक्षा २६/११ नंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पोलीस, तटरक्षक दल आणि मच्छीमार सोसायट्या यांच्यात माहितीची देवाणघेवाण कशी चालते, असं काही घ्या. इथे मराठी येणं ही खरी जमेची बाजू, कारण बंदरावर तांडेलाशी, म्हणजे मच्छीमार बोटीच्या प्रमुखाशी, थेट बोलता येतं.

महाराष्ट्र किंवा गोव्यातच शिकवायचं असेल तर सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षाही चालते. तिच्यावर जेआरएफ मात्र मिळत नाही.