हायडेनहाइमर श्पोर्टबुंड १८४६

जर्मनीच्या बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग राज्यातील हायडेनहाइम शहराचा बहुक्रीडा क्लब. संक्षिप्त नाव एचएसबी. मूळ स्थापना १४ ऑगस्ट १८४६ची, सध्याचे नाव १९७२चे. भारतातल्या फुटबॉलप्रेमींना हायडेनहाइम माहीत असते ते ‘१. एफसी हायडेनहाइम १८४६’ या बुंडेसलिगात (जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये) खेळलेल्या संघामुळे. हा संघ २००६च्या अखेरपर्यंत एचएसबीचा एक विभाग होता आणि १ जानेवारी २००७ रोजी वेगळा झाला. अनेक खेळ एकाच संस्थेत नांदवण्याची जर्मन रीत कशी चालते आणि कुठे अडते, हे या क्लबच्या इतिहासात जवळून पाहता येते.

हायडेनहाइम ब्रेन्त्स नदीकाठी, श्वाबियन आल्ब डोंगररांगेच्या पूर्व टोकाकडे वसले आहे. वस्ती सुमारे ५० हजार, वर हेलेनस्टाइन किल्ला. १९व्या शतकात येथे कापडगिरण्या होत्या. पुढे कागदयंत्रे आणि जलविद्युत टर्बाइन बनवणारी फोइट (१८६७) आणि मलमपट्टीचे साहित्य बनवणारी पाउल हार्टमान या कंपन्या जगभर पोहोचल्या. दोन्हींची मुख्यालये आजही इथेच आहेत. आजूबाजूच्या एवढ्याच आकाराच्या शहरांना असे प्रायोजक मिळत नाहीत. फुटबॉलचा पुढचा प्रवास समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

क्लबची सुरुवात ‘टुर्नगेमाइंडे’ म्हणून झाली. ‘टुर्नेन’ म्हणजे उपकरणांवरचा व्यायाम, उड्या, चढणे, धावणे आणि सामूहिक कवायत. फ्रीडरिश लुडविग याआन याने १८११ साली बर्लिनच्या हाझेनहाइडे मैदानावर ही चळवळ सुरू केली. सिंगल बार आणि डबल बार तिच्यातूनच जगभर गेले. नेपोलियनच्या फौजांविरुद्ध तरुण घडवणे हा उघड हेतू होता, आणि एकसंध जर्मन राष्ट्राची भाषा तिथे मोकळेपणी बोलली जाई. १८१९ साली नाटककार कोट्झेबू याची हत्या एका विद्यार्थ्याने केली, तो टुर्नेनवाला निघाला आणि १८२०मध्ये प्रशियाने चळवळीवर बंदी घातली. ती १८४२ साली उठली. त्यानंतरच्या काही वर्षांत दक्षिण जर्मनीत क्लबांचे पेव फुटले : श्टुटगार्टमध्ये १८४३, उल्म आणि हायडेनहाइममध्ये १८४६. त्याच वर्षी २ ते ४ ऑगस्टला हाइलब्रोन येथे मोठा टुर्नेन मेळावा भरला होता. हायडेनहाइमचा क्लब त्यानंतर दहा दिवसांनी स्थापन झाला.

१८४८-४९च्या क्रांतीत पुष्कळ टुर्नेनवाले उतरले. क्रांती चिरडल्यावर क्लबांवर पाळत बसली, काही बंद पडले, काही नुसते व्यायामशाळा म्हणून तग धरून राहिले. चळवळ पुन्हा उभी राहिली ती १८६०च्या कोबुर्ग मेळाव्यापासून. त्याचे आवाहन करणाऱ्या दोघांपैकी थेओडोर गेओर्गी हा व्ह्युर्टेम्बर्गमधल्याच एसलिंगेनचा. १८६८ साली टुर्नेन क्लबांची देशव्यापी संघटना ‘डॉइचे टुर्नरशाफ्ट’ स्थापन झाली तेव्हा तिचे नेतृत्वही त्याच्याकडे आले.

जर्मन क्लबांच्या नावापुढची अक्षरे कोड्यासारखी वाटतात, पण त्यांत इतिहास भरलेला असतो. टीव्ही म्हणजे टुर्नेनचा क्लब. टीएसव्ही किंवा टीएसजी म्हणजे टुर्नेन आणि खेळ दोन्ही. व्हीएफएल म्हणजे शारीरिक व्यायामांचा क्लब. व्हीएफआर म्हणजे हिरवळीवरच्या खेळांचा, अर्थात बहुधा फुटबॉलचा. एका शहरात टीएसव्ही आणि व्हीएफआर असे दोन क्लब शेजारी दिसले, तर तिथे कधीतरी भांडण किंवा फाळणी झाली असावी असे खुशाल समजावे.

भांडणाचे मूळ असे : टुर्नेनवाल्यांना इंग्लंडहून आलेले ‘स्पोर्ट’ फारसे रुचत नसे. गुण, विक्रम, तिकिटे, एकमेकांना हरवण्याची ईर्ष्या हे त्यांच्या सामूहिक शिस्तीत बसत नव्हते. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला टुर्नरशाफ्ट आणि खेळसंघटना यांच्यात ‘स्वच्छ काडीमोड’ ठरला. क्लबने एकीकडेच राहावे असा आदेश निघाला आणि अनेक शहरांत फुटबॉलपटूंना व्यायामशाळा सोडून नवा क्लब काढावा लागला. त्याखेरीज १८९३पासून कामगारांची स्वतंत्र टुर्नेन संघटना होतीच. म्हणजे गिरण्यांच्या शहरात एकाच खेळाचे दोन क्लब असत, एक नागरी आणि एक कामगार, आणि ते एकमेकांशी सामना खेळत नसत.

१९३३ साली नाझी राजवटीने कामगार क्लब बरखास्त करून त्यांची मालमत्ता जप्त केली. ज्यू सदस्य बाहेर काढले गेले, आणि उरलेले क्लब एका सरकारी संघटनेखाली आले. युद्धानंतर मित्रराष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेने १७ डिसेंबर १९४५च्या २३ क्रमांकाच्या निर्देशाने सगळ्या क्रीडासंघटना विसर्जित केल्या. स्थानिक, लष्करी स्वरूप नसलेल्या क्लबांना मात्र परवान्यावर नव्याने सुरू होता येई. हायडेनहाइम अमेरिकी क्षेत्रात होते.

आजचा एचएसबी १९७२ साली टीएसबी हायडेनहाइम आणि व्हीएफएल हायडेनहाइम यांच्या विलीनीकरणातून झाला. व्हीएफएलची फुटबॉल परंपरा १९११पर्यंत मागे जाते, टीएसबीकडे १८४६चा वारसा होता. विलीनीकरणाची कारणे अशा शहरांत बहुधा तीच असतात : दोन्हीकडे कमी पडणारे पदाधिकारी, खेळाच्या एकाच सभागृहासाठी (बंदिस्त क्रीडागृहासाठी) ओढाताण, आणि एकच तोंड असेल तर बरे असे मानणारी नगरपालिका. कायदेशीर वाट तेव्हा किचकट होती. नोंदणीकृत क्लबांना थेट विलीन होऊ देणारा कायदा १९९५ साली अमलात आला. त्याआधी एका क्लबने विसर्जनाचा ठराव करून मालमत्ता दुसऱ्याकडे द्यायची आणि सदस्यांनी तिकडे दाखल व्हायचे, अशीच सोय होती. आता सभेत पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मते आणि नोटरीपुढे केलेला करार लागतो. नोंदणीचा अर्ज करताना ताळेबंद आठ महिन्यांहून जुना चालत नाही. वर्ष ३१ डिसेंबरला संपत असेल तर अर्ज ३१ ऑगस्टच्या आत जायला हवा. सभा उन्हाळ्यात ठेवणारे क्लब इथे फसतात : गणसंख्या किंवा नोटरीची तारीख हुकली की नवा ताळेबंद करण्याची पाळी येते.

या क्लबांचा कायदेशीर सांगाडा १९००च्या जर्मन नागरी संहितेचा आहे. नोंदणीला किमान सात सदस्य लागतात. संख्या तीनखाली गेली तर नोंदणी जाते. सर्वोच्च अधिकार सर्वसाधारण सभेचा, बाहेरच्या व्यवहारात सही कार्यकारिणीची. घटना बदलायला तीन चतुर्थांश मते, पण क्लबचा उद्देश बदलायचा तर घटनेत वेगळी तरतूद नसल्यास प्रत्येक सदस्याची संमती हवी. जुन्या क्लबांच्या उद्देशकलमात ‘टुर्नेन व सर्व प्रकारचे खेळ’ अशी सैल शब्दयोजना दिसते, ती यामुळेच.

क्लबच्या पोटात ‘आप्टायलुंग’, म्हणजे विभाग असतात. विभागाला प्रमुख, खजिनदार आणि अंदाजपत्रक असते, पण स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व सहसा नसते. विभागाने केलेले कर्ज हे क्लबचे कर्ज. सदस्य मूळ वर्गणी क्लबला देतो आणि वर विभागाची वर्गणी. फेन्सिंगला तलवारी, विद्युत जाकिटे आणि गुणयंत्रे लागतात, तिथे ती जास्त. महिलांच्या व्यायामवर्गात नाममात्र. दरवर्षी १ जानेवारीची सदस्यसंख्या राज्य क्रीडासंघटनेला कळवावी लागते. त्यात दोन आकडे असतात. पहिल्यात माणूस एकदाच मोजला जातो, दुसऱ्यात तो जितक्या खेळांच्या महासंघांत येतो तितक्यांदा. पोहणारा माणूस टेनिसही खेळत असेल तर तो पहिल्यात एक आणि दुसऱ्यात दोन. विभागप्रमुख हे आकडे गोंधळतात, आणि चूक झाली की महासंघाची देयके फुगतात किंवा अनुदान कमी होते.

खरी झुंज सभागृहाच्या वेळेसाठी असते. जर्मन मानकाप्रमाणे साधे सभागृह १५ × २७ मीटरचे, तिहेरी सभागृह २७ × ४५ मीटरचे आणि किमान ७ मीटर उंच असते. तिहेरी सभागृह पडदे सोडून तीन भागांत वापरता येते, पण हँडबॉलला ४० × २० मीटरचे अखंड मैदान लागते. म्हणजे हँडबॉलचा एक सराव तीन वर्गांची संध्याकाळ खातो. संध्याकाळी पाच ते आठ या वेळेचे वाटप करणारी बैठक वर्षातली सर्वात गरम बैठक असते, अर्थसंकल्पाची त्या मानाने थंड. प्रशिक्षक बहुतेक मानद. प्राथमिक परवान्यासाठी प्रत्येकी ४५ मिनिटांचे १२० तास शिकावे लागते, परवाना चार वर्षे चालतो, आणि नूतनीकरणाला आणखी १५ तास. त्यांना मिळणाऱ्या करमुक्त मानधनाची वार्षिक मर्यादा २०२१मध्ये ३,००० युरो झाली.

ही व्यवस्था एक विभाग फार मोठा झाला की ताणली जाते. एचएसबीचा फुटबॉल संघ १९९०च्या दशकात प्रादेशिक लीगच्याही खाली होता. होल्गर झानवाल्ड या तरुणाने विभागाची सूत्रे हाती घेतली, प्रायोजक जमवले आणि २००४ साली संघ ओबरलिगात, म्हणजे तेव्हाच्या चौथ्या स्तरावर चढला. पुढचा प्रश्न कराचा होता. सार्वजनिक हिताच्या क्लबला करसवलत असते, पण हिशेब चार कप्प्यांत ठेवावा लागतो : वर्गणी-देणग्या, मालमत्तेचे उत्पन्न, उद्देशाशी जोडलेले कार्यक्रम, आणि निव्वळ धंदा. क्रीडास्पर्धांचे वार्षिक उत्पन्न मर्यादेत असेल तर ते तिसऱ्या कप्प्यात बसते. ही मर्यादा २००७ साली ३५,००० युरो होती, २०१३पासून ४५,००० झाली. पगारी खेळाडूंचा फुटबॉल व्यवहारात चौथ्या कप्प्यात जातो, आणि त्याचा तोटा मुलांच्या वर्गणीतून भरून काढला तर अख्ख्या क्लबची सवलत धोक्यात येते.

तोटा नसला तरी जोखीम उरतेच, आणि ती किती असते हे शेजारच्या उल्मने दाखवले होते. एसएसव्ही उल्म १८४६ हाही १९७०च्या विलीनीकरणातून झालेला बहुक्रीडा क्लब. त्याचा फुटबॉल संघ १९९९ साली बुंडेसलिगात पोहोचला, वर्षभरात उतरला, आणि २००१ साली पैसा संपल्याने परवाना गमावून पाचव्या स्तरावर गेला. उल्मने फुटबॉल वेगळा केला तो २००९ साली, म्हणजे पडझडीनंतर. हायडेनहाइमने तो चढणीवर असतानाच केला. आमच्या मते या क्लबच्या दीडशेहून अधिक वर्षांतला सर्वात शहाणा निर्णय हाच.

१९९८पासून जर्मन फुटबॉलमध्ये क्लबच्या मालकीची कंपनी काढून संघ तिच्याकडे देता येतो, मात्र मतांचे बहुमत क्लबकडे राहावे लागते. हायडेनहाइमने ती वाट न धरता स्वतंत्र क्लबच काढला. अशा वेळी खेळाडूंच्या नोंदण्या, युवा संघ, मैदानाचा करार आणि कर्जे यांची वाटणी लागते. सर्वात नाजूक बाब लीगमधल्या जागेची. प्रादेशिक संघटनेने ती नव्या क्लबच्या नावे मान्य केली नाही तर सुरुवात तळाच्या जिल्हा लीगपासून होते. शिवाय वाटणी विभाजन कायद्याखाली केली तर जुन्या कर्जांसाठी दोन्ही संस्था पाच वर्षे एकत्रित जबाबदार असतात. नुसते नाव वेगळे केल्याने सुटका होत नाही. हायडेनहाइममध्ये बदल हंगामाच्या मध्यावर झाला आणि संघ ओबरलिगातच खेळत राहिला.

नव्या क्लबने सप्टेंबर २००७मध्ये माजी कर्णधार फ्रांक श्मिट याला प्रशिक्षक नेमले. तो याच शहरात जन्मलेला. २००८ साली रेगिओनाललिगा (प्रादेशिक लीग), २००९ साली तिसरी लीग, २०१४ साली दुसरी बुंडेसलिगा. २८ मे २०२३ रोजी रेगेन्सबुर्ग येथे भरपाईच्या वेळेत दोन गोल करून ३-२ असा विजय मिळवत संघ बुंडेसलिगात गेला आणि पहिल्या हंगामात आठवा आला. किल्ल्याच्या डोंगरावरचे, ५५५ मीटर उंचीचे त्याचे मैदान आता फोइटच्या नावाने ओळखले जाते आणि त्यात सुमारे १५,००० प्रेक्षक मावतात. नावातला १८४६ हा आकडा मात्र फुटबॉलचा नाही. त्या वर्षी शहरात फुटबॉल नव्हताच. तो वारसा व्यायामशाळेचा. आज तोच आकडा दोन्ही क्लब मिरवतात.

फुटबॉल गेल्यावर एचएसबी रिकामा झाला नाही. फेन्सिंग विभागाची ‘हायडेनहाइमर पोकाल’ ही एपे (फेन्सिंगमधल्या तीन शस्त्रांपैकी एक) प्रकारातली स्पर्धा १९५०च्या दशकापासून चालत आली असून विश्वचषक मालिकेतल्या नामांकित थांब्यांत गणली जाते. विद्युत गुणयंत्रे लावलेल्या पट्ट्या मांडणे, पंचांची सोय करणे, शस्त्रतपासणी या कामांवर सदस्यांची मोठी फळी राबते. दुसरा नामवंत विभाग बेसबॉलचा. ‘हायडेक्योप्फे’ नावाने खेळणाऱ्या या संघाने २००९ साली पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि नंतरही ते अनेकदा जिंकले. अर्थात जर्मनीत बेसबॉलला तिकिटांचा मोठा पैसा नाही, त्यामुळे फुटबॉलसारखा वेगळे होण्याचा दाब या विभागावर कमी पडतो.