खाऱ्या वाऱ्यात रिमोटची गाडी

ओहोटीच्या वेळी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवरची ओली वाळू इतकी घट्ट आणि सपाट होते की १:१० प्रमाणातली रिमोटची गाडी तिथे डांबरी रस्त्यापेक्षाही झकास पळते. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी माझी गाडी तिथे तासभर पळवली, घरी येऊन वाळू झटकली, फडक्याने पुसली आणि कपाटात ठेवून दिली. तीन आठवड्यांनी बाहेर काढली तेव्हा पुढचे डावे चाक फिरेना. त्या चाकाच्या बेअरिंगची रबरी झाकणी सुईच्या टोकाने उचलली, तर आत ग्रीसच्या जागी चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी लगदा होता आणि मोहरीएवढ्या पोलादी गोळ्या त्यात रुतून बसल्या होत्या. गाडी खोल पाण्यात गेली नव्हती की कुठे आपटलीही नव्हती. पुळणीवरच्या एका तासाने तिचे फारसे बिघडले नव्हते. तिला खाल्ले ते कपाटातल्या तीन आठवड्यांनी.

याचे कारण कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात दिसते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, कारण हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प ओढून घेऊन त्यात स्वतःच विरघळू लागते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असते, जे ३३ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेतही ओलावा धरते. म्हणून पाण्याचा एकही थेंब न लागता, केवळ सुकलेल्या तुषारांच्या क्षारांमुळे, बंद कपाटातल्या गाडीवर मिठवणीचा अतिशय पातळ थर तयार होतो. उन्हाळ्याच्या दुपारी तो आटतो, रात्री पुन्हा ओला होतो. फडक्याने पुसल्यावर पाणी जाते, पण सांध्यांतले क्षार जिथल्या तिथे राहतात.

खारे पाणी लोखंडाचे नेमके काय करते, हे केंब्रिज येथील संशोधक यूलिक रिचर्डसन इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एका साध्या प्रयोगातून दाखवले. त्यांनी लोखंडाच्या घासलेल्या पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला आणि त्यात रंग बदलणारी दोन रसायने मिसळली. थोड्याच वेळात थेंबाचा मध्य निळा झाला आणि कड गुलाबी झाली. निळा रंग लोखंड विरघळत असल्याची खूण होती, तर गुलाबी रंग ऑक्सिजन वापरला जात असल्याची. कडेला हवेतील ऑक्सिजन सहज पोहोचतो, मध्यभागी पोहोचत नाही, आणि जिथे ऑक्सिजन कमी तिथलेच लोखंड इलेक्ट्रॉन सोडून झिजत जाते. मीठ या दोन जागांमधला विजेचा मार्ग पूर्ण करते.

रिमोटच्या गाडीसाठी हा प्रयोग फार मोलाचा आहे. स्क्रूच्या माथ्याखाली चिकटलेली माती, बेअरिंगच्या झाकणीमागे अडकलेली ओल, ॲक्सलवरचा वाळूचा कण या सगळ्या कमी ऑक्सिजनच्या जागा आहेत, आणि म्हणूनच गंज नेहमी दिसत नाही अशा ठिकाणी आधी धरतो. वरून चकचकीत दिसणारी गाडी आतून सडलेली असू शकते, ती याच कारणाने.

बेअरिंगच्या पोलादात साधारण दीड टक्का क्रोमियम असते. गंजरोधक म्हणण्यासाठी ते किमान साडेदहा टक्के लागते, कारण तेवढ्या प्रमाणातच पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अखंड संरक्षक पापुद्रा धरतो. क्लोराइड तोही पापुद्रा जागोजागी भेदते, त्यामुळे स्टेनलेस बेअरिंग घातले म्हणजे निश्चिंत झालो असे किनाऱ्यावर समजू नये. स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या भागात बसवला असेल, तर दोन धातूंच्या जोडीत ॲल्युमिनियमच आधी झिजते आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते. आट्यांना निळे थ्रेडलॉक (स्क्रू धरून ठेवणारा चिकट द्रव) लावल्यास स्क्रू सैल होत नाही आणि फटीत पाणीही शिरत नाही.

तेव्हा पुळणीवरून आल्यावर गाडी पुसू नये, धुवावी. हे अनेकांना पटत नाही, पण गोड्या पाण्याने जे नुकसान होईल ते मागे उरलेल्या मिठाने होणाऱ्या नुकसानापुढे किरकोळ आहे. बॅटरी आधी काढावी, इलेक्ट्रॉनिक्स जलरोधक नसेल तर रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा भाग) आणि स्पीड कंट्रोलरही (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) उतरवून ठेवावेत, आणि मग विहिरीच्या कोमट पाण्याचे तांबे चाकांवर, सस्पेन्शनच्या दांड्यांवर व चेसिसच्या तळावर ओतावेत. जोराचा फवारा मारू नये, त्याने वाळू बेअरिंगच्या झाकणीतून आत ढकलली जाते. खोक्यावर छापलेला ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द फक्त विजेच्या भागांसाठी असतो. पोलादाला तो लागू नाही. टायर विसरू नये. त्याच्या आत स्पंजाचे कडे असते, आणि अंगठ्याने टायर दाबला की रिमच्या भोकातून खारे पाणी बाहेर येते. ते पाणी चवीला गोडे लागेपर्यंत टायर भरून पिळत राहावे. पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला भांड्याचा साबण पुरतो. थिनर किंवा पेट्रोल लावले तर तिला तडे जातात.

धुतल्यावर सायकलच्या पंपाने फटींत हवा मारावी आणि गाडी पंख्याखाली ठेवावी. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय लोक सांगतात, पण तांदूळ ओल फार सावकाश शोषतो आणि त्याचा भुगा बेअरिंगमध्ये जातो. उरलेले पाणी हटवण्यासाठी डब्ल्यूडी-४० चालते. १९५३ साली तयार झालेल्या या द्रवाच्या नावाचा अर्थच ‘पाणी हटवण्याचे ४० वे सूत्र’ असा आहे. मात्र तेवढ्यावर थांबू नये, कारण तो ग्रीस पातळ करून धुऊन काढतो आणि त्याचा स्वतःचा थर फार दिवस टिकत नाही. त्यानंतर बेअरिंगमध्ये तेलाचा एक थेंब किंवा नवे ग्रीस घालायलाच हवे. मोटरच्या बेअरिंगची काळजी तर अधिक घ्यावी: ३५०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला ३५०० फेरे घेणारी, ब्रशलेस मोटर ७.४ व्होल्टवर भाराविना मिनिटाला सुमारे २५,९०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४३० च्या आसपास, आणि त्या वेगात वाळूचा एक कण कानसेसारखा काम करतो.

रत्नागिरीकरांना याबाबतीत एक जास्तीची अडचण आहे. काळबादेवी, मिऱ्या या भागांतील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियमचे खनिज आहे, आणि त्याच्यासोबत मॅग्नेटाइटचे कणही असतात. मॅग्नेटाइट चुंबकाला झटकन चिकटते. मोटरमध्ये शक्तिशाली चुंबक असल्याने वायुवीजनाची भोके असलेली मोटर ही वाळू अक्षरशः ओढून घेते आणि काळे कण आत केसाळ दाढीसारखे उभे राहतात. पाण्याने ते निघत नाहीत. मोटर उघडून चिकणमातीचा गोळा किंवा चिकटपट्टी दाबून त्यांना उचलावे लागते. काळ्या पुळणीवर जायचे असेल तर बंद कवचाची मोटरच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, जांभ्याच्या धुळीचे गणित उलटे आहे. ती लोहाची ऑक्साइडे आणि चिकणमाती यांची अगदी बारीक पूड असते व तेलात मिसळली की पॉलिशच्या लेपासारखी घासते. म्हणून उघड्या प्लास्टिक गिअरना तेल लावू नये, आणि सड्यावरून आल्यावर आधी कोरडा ब्रश फिरवावा. चाकांचे धक्के शोषणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरमधले सिलिकॉन तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, ते बदलावे.

विजेच्या जोडांवर मिठाचा परिणाम सर्वांत लवकर दिसतो. समुद्राचे पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट चांगले वीजवाहक आहे, त्यामुळे जोडलेल्या बॅटरीच्या दोन टोकांमध्ये त्याचा थर आला की सुरू होते विद्युत अपघटन, आणि धन बाजूची पिन हिरवी पडून विरघळू लागते. जोड वेगळे करून ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत.

जूनपासून गाडी बहुधा घरातच असते, आणि म्हणून पावसाळ्याआधीची तयारी सर्वांत महत्त्वाची ठरते. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. त्या स्थितीत चार महिने ठेवला तर आतले रसायन विघटित होऊन वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. साठवताना सेलमागे ३.८ व्होल्ट राखावेत, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. धुऊन, वाळवून, तेल दिलेली गाडी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या ओल शोषणाऱ्या निळ्या मण्यांसह ठेवावी. हे मणी गुलाबी झाले की भट्टीत १२० अंश सेल्सिअसला तापवून पुन्हा वापरता येतात. दर पंधरवड्याला डबा उघडून चारही चाके बोटाने फिरवून पाहावीत, आणि ज्या चाकाची खरखर बोटाला जाणवेल त्याचे बेअरिंग त्याच दिवशी उघडावे.