ब्रोकोली चिरा आणि जरा थांबा

ब्रोकोलीच्या गुणांबद्दल काहीही वाचायला घ्या, दोन-चार ओळींत सल्फोराफेन या रसायनाचं नाव येतंच. गंमत अशी, की शेतात उभ्या असलेल्या ब्रोकोलीत हे सल्फोराफेन जवळजवळ नसतंच. अख्खा गड्डा आणून फ्रीजमध्ये ठेवला तरी ते त्यात नसतं. सुरी लागली, दातांखाली आलं, की मग ते तयार व्हायला लागतं.

झाडाला पळता येत नाही, म्हणून त्यानं केलेली ही सोय आहे. ब्रोकोलीत ग्लुकोराफेनिन नावाचा गंधकयुक्त पदार्थ साठवलेला असतो. तो स्वस्थ पडून असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्यापासून दूर, वेगळ्या कप्प्यांत मायरोसिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. अळीनं कुरतडलं की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि तिथल्या तिथे सल्फोराफेन बनतं. अळीला ते नकोसं वाटतं. मोहरीचंही असंच. अख्खा दाणा जिभेवर ठेवला तर काही कळत नाही. तोच कुटून पाण्यात कालवला की झणका थेट नाकात जातो. दोन्ही झाडं एकाच कुळातली, युक्तीही एकच. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि केल तर ब्रोकोलीची सख्खी भावंडंच म्हणायची. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ही सगळी एकच जात आहे, माणसानं निवड करत करत तिला वेगवेगळी रूपं दिली. फ्लॉवरचा गड्डा म्हणजे अजून कळीही न झालेला कोवळा भाग, तर ब्रोकोलीचा हिरवा तुरा म्हणजे शेकडो मिटलेल्या कळ्या.

अळीला पळवणाऱ्या रसायनाचा माणसाला काय उपयोग? १९९२ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं काढलं आणि पेशींमधली विषारी द्रव्यं निकामी करणारी विकरं त्यामुळे वाढतात असं दाखवलं. ते होतं असं. आपल्या पेशींत एनआरएफ-टू नावाचं एक प्रथिन असतं आणि कीप-वन नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं. सल्फोराफेन कीप-वनला चिकटतं, पकड सुटते, एनआरएफ-टू पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि संरक्षणाची अनेक जनुकं एकदम कामाला लागतात. म्हणजे सल्फोराफेन स्वतः विषाशी लढत नाही, ते नुसती हाकाटी करतं. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या पोराच्या गोष्टीसारखंच, पण इथे लांडगा नसतानाही गाव जागं झालं तर गावाचा फायदाच होतो.

हे प्रयोगशाळेतल्या पेशींपुरतंच आहे असंही नाही. चीनमधल्या छीतोंग भागात, जिथली हवा बरीच प्रदूषित आहे, २९१ जणांवर एक चाचणी झाली. काहींना १२ आठवडे ब्रोकोलीच्या मोडांपासून केलेलं पेय रोज दिलं, काहींना त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं पेय. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. मोडांचं पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून बेंझिन या घातक द्रव्याचा निचरा ६१ टक्क्यांनी वाढला होता. मोडच का, तर तीन दिवसांच्या मोडांत ग्लुकोराफेनिन वाढलेल्या ब्रोकोलीपेक्षा १० ते १०० पट असू शकतं. हे टॅलले यांच्याच गटानं १९९७ मध्ये दाखवलं होतं.

इथे जरा सांभाळून वाचायला हवं. निचरा वाढला म्हणजे कर्करोग टळला, असं या चाचणीनं सिद्ध केलेलं नाही. या कुळातल्या भाज्या भरपूर खाणाऱ्यांमध्ये काही कर्करोगांचं प्रमाण कमी दिसतं, हे निरीक्षण आहे. पण असे लोक बहुधा धूम्रपान कमी करतात, चालतातही जास्त. तेव्हा ‘ब्रोकोलीनं कर्करोग बरा होतो’ असा निरोप कुणी पाठवला तर तो पुढे पाठवू नये. ‘सुपरफूड’ हा शब्दही मला विक्रेत्यांचाच वाटतो.

सल्फोराफेनचा खरा शत्रू मात्र स्वयंपाकघरातच असतो. ग्लुकोराफेनिन उष्णता बऱ्यापैकी सोसतं, मायरोसिनेज सोसत नाही. ब्रोकोली खळखळत्या पाण्यात दहा मिनिटं शिजवली की विकर तर मरतंच, शिवाय ग्लुकोराफेनिन आणि क जीवनसत्त्व पाण्यात उतरतात आणि ते पाणी आपण ओतून देतो. आतड्यांतले काही जिवाणू उरलेल्या ग्लुकोराफेनिनचं थोडं सल्फोराफेन करतात, पण ते प्रमाण कमी आणि माणसागणिक वेगळं. नुसतं ग्लुकोराफेनिन भरलेल्या कॅप्सूलचीही हीच अडचण आहे.

मग कच्चीच खावी का? इथे एक मजेशीर खोच आहे. कच्च्या ब्रोकोलीत आणखी एक प्रथिन असतं, जे या घडामोडीत लुडबुड करतं आणि सल्फोराफेनऐवजी बराचसा माल नायट्राइल नावाच्या निरुपयोगी संयुगाकडे वळवतं. हे प्रथिन मायरोसिनेजपेक्षाही नाजूक असतं. साधारण ६० अंशांच्या आसपास ते बाद होतं, मायरोसिनेज तेवढ्यात तगून राहतं. म्हणून हलकी वाफ दिलेली ब्रोकोली कच्चीपेक्षा सरस ठरू शकते. तीन-चार मिनिटं पुरतात. तुरे झगझगीत हिरवे दिसले आणि देठात सुरीचं टोक किंचित अडखळलं, की गॅस बंद करायचा.

मऊच आवडत असेल, किंवा सूप करायचं असेल, तर दुसरी वाट आहे. आधी बारीक चिरा आणि अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या. विकराचं काम तेवढ्यात बरंच उरकतं, आणि एकदा तयार झालेलं सल्फोराफेन विकराइतकं नाजूक नसतं. चिरण्याचं काम आधी उरकून बाकीची तयारी नंतर केली की वेळ वाया जात नाही.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते. शिजलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची कच्ची पूड भुरभुरायची. मोहरीतही मायरोसिनेज असतं, तेव्हा मेलेल्या विकराच्या जागी हे उसनं विकर कामाला येतं. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या २०१८ सालच्या एका लहान अभ्यासात २०० ग्रॅम शिजवलेल्या ब्रोकोलीबरोबर फक्त १ ग्रॅम पूड दिली, तर शरीराला मिळालेलं सल्फोराफेन चौपटीहून जास्त भरलं. गरम तेलात तडतडलेली मोहरी मात्र या कामाची नाही, तिचं विकर तेलातच संपलेलं असतं. गोठवलेल्या ब्रोकोलीला तर ही पूड हवीच, कारण पाकिटात भरण्याआधी ती गरम पाण्यातून काढलेली असते.

बाकी पोषणाचा हिशेब थोडक्यात सांगता येतो. १०० ग्रॅम कच्च्या ब्रोकोलीत सुमारे ३४ कॅलरी, ८९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व (दिवसाच्या गरजेइतकं), अडीच ग्रॅमच्या वर तंतू, शिवाय के जीवनसत्त्व आणि फोलेट. कॅल्शियम ४७ मिलिग्रॅमच आहे, पण कॅल्शियमला अडकवून ठेवणारं ऑक्झलेट फारसं नसल्यानं त्यातलं निम्म्याच्या आसपास शरीर शोषून घेतं. पालकात आकडा मोठा दिसतो, पण त्यातलं बहुतेक ऑक्झलेटमध्ये अडकून बाहेर जातं.

चवीचं काय? १९९० साली अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी जाहीर करून टाकलं, की आई लहानपणापासून ब्रोकोली खायला लावायची, आता मी अध्यक्ष आहे आणि ती खाणार नाही. शेतकऱ्यांनी उत्तरादाखल व्हाइट हाउसकडे ब्रोकोलीचे ट्रक धाडले. नावड हा नेहमी नखराच असतो असं नाही. टीएएस-टू-आर-३८ या जनुकाच्या विशिष्ट रूपामुळे काहींच्या जिभेला या कुळातली कडू चव फार तीव्र लागते. त्यात जास्त शिजवल्यावर सुटणाऱ्या गंधकाच्या वासाची भर पडते. असं कुणी घरात असेल तर तेल-मीठ लावून कडक ओव्हनमध्ये, २२० अंशांच्या आसपास, कडा तपकिरी होईपर्यंत भाजा. थोडं सल्फोराफेन गेलं तरी चालेल. ताटात टाकून दिलेल्या ब्रोकोलीतून काहीच मिळत नाही. लिंबू मात्र शेवटी पिळा, कारण आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून रंग मळकट होतो. सोडा घालून रंग टिकतो खरा, पण भाजीचा लगदा होतो आणि क जीवनसत्त्व जातं. दांडा फेकू नका. वरची जाड साल सोलली की आतला गर गोडसर आणि कुरकुरीत लागतो.

वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर के जीवनसत्त्वामुळे ब्रोकोलीचं प्रमाण अचानक वाढवू किंवा कमी करू नये, डॉक्टरांना विचारावं. थायरॉइडची धास्ती मात्र अनेकदा अवाजवी असते. आहारात पुरेसं आयोडीन असेल तर शिजवलेल्या ब्रोकोलीच्या नेहमीच्या प्रमाणानं सहसा काही बिघडत नाही. पोटात गॅस होतो तो रॅफिनोज या शर्करेमुळे. ती लहान आतड्यात पचत नाही, पुढचे जिवाणू तिच्यावर ताव मारतात. थोड्या प्रमाणानं सुरुवात केली की बरेचदा सवय होते.

घेताना तुरे घट्ट आणि गर्द हिरवे पाहून घ्या, आणि फ्रीजमध्ये पिकल्या फळांपासून लांब ठेवा, त्यांच्यातून सुटणारा इथिलिन वायू ब्रोकोलीला लवकर पिवळी पाडतो. गड्डा तोडल्यानंतरही तिचा श्वास जोरात चालू असतो. चार दिवसांनी तुऱ्यावर पिवळी झाक दिसली तर तेवढ्यावरून ती सडली असं समजू नका. तिच्या कळ्या फुलायला निघालेल्या असतात.