गाव माळावर गेलं आणि पिसू मागं राहिली

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या कुठल्याही मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मजकूर अधूनमधून येऊन जातो: आपल्या पूर्वजांना क्वारंटाइन ठाऊक होतं, साथ आली की अख्खं गाव माळावर राहायला जायचं, गोऱ्यांना हे फार नंतर कळलं. खाली हात जोडलेले. मग एखादा शिकलेला पोरगा उसळतो, की कसलं विज्ञान घेऊन बसलाय, जुनी माणसं मरगाईला कोंबडं कापून मोकळी व्हायची. दोघंही अर्धंच बोलतात. प्लेगात गावं माळावर जायची हे खरं, आणि त्यानं माणसं वाचली हेही खरं. पण ते क्वारंटाइन नव्हतं. क्वारंटाइन म्हणजे माणसाला माणसापासून तोडणं. माळावर तर खोपीला खोप लागून असायची, एका चुलीवर दोन घरांचं शिजायचं. तिथं तोडलं जात होतं ते माणसाचं आणि घरातल्या उंदराचं नातं.

मुंबईत मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या शेजारी, १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग उघडकीला आला. तिथून तो रेल्वेनं दख्खनवर चढला आणि १८९७-९८ पासून बेळगाव, धारवाड, हुबळीकडं पसरला. पुढची वीसेक वर्षं तो फिरून फिरून येत राहिला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारनं साथरोग कायदा केला. अगदी छोटा कायदा, पण अधिकार केवढे! घरात शिरा, रोगी उचला, प्रवासी उतरवून तपासा, जत्रा बंद करा. हाच कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवून ज्यांनी माहेर-सासर केलं, त्यांना त्या कायद्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलात गोऱ्या सोजिरांनी घरं कशी झडती घेऊन उलथीपालथी केली आणि २२ जून १८९७ ला चापेकरांनी त्याचा काय शेवट केला, ते शाळेत शिकलोय. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता, सावित्रीबाई फुले गेल्या. इथं मला जुलमापेक्षा वेगळ्या गोष्टीकडं बोट दाखवायचंय. समजा रँडच्या जागी मायाळू माणूस असता, तरी उपाय बऱ्यापैकी फसलाच असता. कारण सरकार चुकीचा प्राणी पकडत होतं. स्टेशनावर डब्यातनं उतरवून प्लेगची गाठ आहे का ते बघायला बायाबापड्यांच्या काखा तपासल्या जात होत्या, आणि त्याच गाडीच्या मालडब्यातनं धान्याची पोती, पोत्यांतले उंदीर आणि उंदरांच्या अंगावरच्या पिसवा बिनधास्त पुढच्या गावाला पोचत होत्या.

जंतू तेव्हा माहीत होता. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिननं गाठीतून तो वेगळा काढला होता, त्याच्याच नावानं आज त्याला येर्सिनिया पेस्टिस म्हणतात. माहीत नव्हती ती जंतूची वाट. हवा, घाण, जमीन, कपडे, सगळ्यांवर संशय होता, म्हणून कार्बोलिकनं जमिनी धुतल्या, भिंतींना चुना मारला. काही ठिकाणी घरावरची कौलं काढून ऊन आत सोडलं. हा शेवटचा उपाय मात्र नकळत बरोबर बसला. का, ते पुढं येईल.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं एका काचेच्या बरणीत प्लेगनं आजारी, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला आणि जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर त्याच्याजवळ ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. पहिला मेला, मग दुसराही मेला. मधून गेली ती फक्त पिसू. सिमोंचं म्हणणं बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढं ग्लेन लिस्टन हा डॉक्टर आणि प्लेगचा अभ्यास करायला नेमलेल्या प्लेग कमिशननं मुंबईतल्या प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून पाहिले. जमिनीवर मोकळे सोडलेले गिनीपिग पिसवा गोळा करत आणि प्लेगनं मरत. पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले गिनीपिग त्याच खोलीत, तीच हवा घेत, जगत. हवेचा संशय तिथं मिटला. अशी निरीक्षणं बेळगावातही झाली आहेत, १९०८-०९ साली.

आता पिसूच्या पोटात शिरू या, कारण सगळी गंमत तिथंच आहे. उंदरावरची ही पिसू, झेनोप्सायला केओपिस, रक्त पिते तेव्हा ते अन्ननळीतून जठरात जाताना एका छोट्या झडपेतून जातं. या झडपेला आतून काट्यांच्या रांगा असतात. रक्तातून आलेले प्लेगचे जंतू या काट्यांना धरून वाढतात आणि स्वतःभोवती साखरेच्या रेणूंचा चिकट थर तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत, झडप बुजते. पिसू भुकेली. ती चावते, जोर लावून रक्त ओढते, पण मोरीच्या जाळीत भात अडकल्यावर पाणी उलटं फिरावं तसं ते रक्त बुचाला थडकून, तिथले जंतू घेऊन, चावल्या जागी परत येतं. पोट काही भरत नाही. म्हणून ती पुन्हा चावते, आणि पुन्हा. उपाशी मरेपर्यंत ती चावतच राहते. १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी ही यंत्रणा दाखवून दिली. अलीकडं असं दिसलंय की बूच बसण्याआधीही सुरुवातीच्या दिवसांत काही जंतू पसरू शकतात. पण एकेक पिसू इतकी घातक होते ती बुचामुळं.

हे बूच बनवणारी जनुकं आहेत, त्यांना एचएमएस म्हणतात. त्यांचं काम तापमानावर ठरतं. पिसूच्या अंगातल्या थंडाव्याला, म्हणजे साधारण २८ अंशांच्या खाली, थर बनतो. माणसाच्या अंगातल्या ३७ अंशांना ही यंत्रणा बंद पडते. म्हणजे जंतूला ऋतू कळतो आणि आपण कुणाच्या पोटात आहोत तेही कळतं. आणखी पुढची गोष्ट ऐका. हा जंतू मूळचा येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा वंशज. पिसूत राहायला शिकताना त्यानं एका प्लाझ्मिडवरून, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावरून, वायएमटी हे जनुक मिळवलं, ज्यामुळं तो पिसूच्या आतड्यात तगला. आणि काही जनुकं गमावली. यूआरईडी गेलं, त्यामुळं पिसूला विषारी ठरणारं एन्झाइम बंद पडलं. आरसीएसए आणि दोन पीडीई जनुकं बिघडली, त्यांनी बायोफिल्मवरचा लगाम सुटला. एवढी मोजकी उलथापालथ झाली आणि जुलाबाच्या जंतूतून असा रोग निघाला, ज्यानं हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली.

जनुकांची नावं डोक्यावरून गेली तरी चालतील. २८ अंश तेवढे लक्षात ठेवा, कारण बेळगावची गोष्ट त्या आकड्यात आहे. आपण कौतुकानं बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतो. साडेसातशे मीटर उंची, पावसाळ्यानंतरची गार, दमट हवा. पिसूच्या अंड्यांना, अळ्यांना आणि तिच्या पोटातल्या बुचाला हेच हवामान मानवतं. अळ्या तर धान्याच्या भुशात आणि धुळीत वाढतात, आणि भातपिकाच्या मुलुखात कणगीखाली दुसरं काय असणार? दख्खनवर साथीचा जोर पाऊस सरता सरता, सुगीच्या आगंमागं असायचा, आणि चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात साथ ओसरायची. कौलं काढून ऊन सोडणं का लागू पडलं, ते आता कळेल. मद्रास शहर प्लेगमधून बरंचसं सुटलं, तेही याच धाग्यातलं: तिथं गरमी होतीच, शिवाय तिथली पिसू बहुतेक झेनोप्सायला ॲस्टिया या वेगळ्या जातीची होती. ती प्लेग पसरवण्यात कच्ची.

पिसूला माणूस आवडतो असं नाही. उंदीर जिवंत आहे तोवर ती त्याच्यावरच खूश असते. उंदीर मेला, अंग गार पडलं की ती उतरते आणि दुसरा उंदीर शोधते. उंदीरच संपत आले की माणूस. प्लेग कमिशननं याचं वेळापत्रक मांडलं: उंदरांत साथ पसरायला दहा ते चौदा दिवस, पिसवा भुकेनं माणसावर यायला तीनेक दिवस, चावल्यावर ताप यायला आणखी तीनेक दिवस. म्हणजे उंदीर पडायला लागल्यापासून पहिली गाठ उठेपर्यंत मध्ये काही दिवसांची सवड मिळते. आपली माणसं नेमकी ही सवड वापरत होती. जिवाणू ठाऊक नव्हता, पिसूवर संशयही नव्हता. पण माळ्यावरून उंदीर भेलकांडत खाली येऊन दिवसाढवळ्या अंगणात मरतो आणि मग घरातलं माणूस जातं, हे डोळ्यांनी पाहिलं होतं. उंदीर पडला की निघायचं, एवढा नियम. कमिशननं शेवटी जे सिद्ध केलं, त्याचा निम्मा भाग गावकऱ्यांनी नुसत्या पाहण्यातून हेरला होता. सरकारनंही मग जबरदस्ती सैल करून गाव खाली करण्यावर आणि लस टोचण्यावर भर दिला. शेजारी करवीर संस्थानात शाहू महाराजांनी लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवलं. हुबळी-धारवाडकडं १८९८ मध्येच हाफकिनची प्लेगवरची लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली होती.

माळावर जाणं म्हणजे सहल नव्हती, हेही सांगायला हवं. ज्याचं शेत त्याला जागा. ज्याला गुंठाभर रान नाही, त्यानं खोप कुणाच्या बांधावर घालायची? साथ पावसात आली तर खानापूरच्या बाजूला कुडाच्या खोपीत तान्ही पोरं घेऊन रात्र काढून बघा. मागं रिकाम्या घरांवर चोर. आणि सगळ्यात मोठी चूक व्हायची ती धान्याची. पोटासाठी चार पोती सोबत न्यावीच लागत, त्यांच्यासोबत पिसू आणि कधीकधी उंदीरही माळावर हजर. असल्या कुटुंबात खोपीतही गाठ उठली की गाव म्हणे देवीचा कोप.

देवीबद्दल एकच सांगतो. आपल्याकडं लक्ष्मीच्या जत्रा उन्हाळ्यात, आणि प्लेगही उन्हाळ्यात ओसरायचा. दोन्ही गोष्टी पाठोपाठ घडल्या की श्रेय कुणाला जाणार हे उघड आहे, ऊन काही पालखीत बसत नाही. हे जुन्या काळाचं म्हणून सोडून दिलं असतं, पण मे २०२१ मध्ये गोकाक तालुक्यात कोण्णूरजवळच्या मरडीमठात कोरोना जावा म्हणून सोडलेला देवाचा घोडा मेला आणि त्याच्या अंत्ययात्रेला, लॉकडाऊन चालू असताना, शेकड्यांनी माणसं लोटली. त्याच दिवसांत बेळगाव शहरात हवा शुद्ध करायला रस्तोरस्ती होमाचा धूर केला गेला. १८९७ च्या लोकांना निदान विषाणूचे फोटो टीव्हीवर दिसत नव्हते.

आणि सगळ्या साथींना एकच औषध, असंही नव्हे. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, गाव सोडून उपयोग व्हायचा, पण तो विहीर बदलल्यामुळं. माळावर त्याच ओढ्याचं पाणी प्यायलं तर काही फायदा नाही. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, रोग माणसाच्या श्वासातूनच जात होता, तिथं खोपीला खोप लावून राहणं उलट अंगलट येण्याजोगं. देवीच्या रोगावर तर लस होती, आणि टिळकवाडीतला आपला व्हॅक्सिन डेपो त्या लशीसाठीच उभा राहिला होता. तिथल्या झाडांखाली फिरायला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे.

स्वतंत्र भारतात डीडीटी आणि प्रतिजैविकं आली आणि प्लेग विसरला गेला. मग ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर मराठवाड्यात बऱ्याच लोकांनी धास्तीनं घरं सोडून बाहेर झोपड्यांत मुक्काम हलवला. या वेळी कारण प्लेग नव्हतं, त्यामुळं धान्य घरांतच राहिलं. रिकामी घरं, भरलेल्या कणग्या, हटकणारं कुणी नाही, उंदीर माजले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये, माणसं पुन्हा घरांत वावरू लागली असताना, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठी उठल्या. प्लेगात उंदीर मरायला लागले की माणूस बाहेर पडायचा. मामल्यात माणूस बाहेर गेल्यावर उंदीर वाढले आणि मग माणूस आत आला.

अशा ठिकाणी नगरपालिका किंवा पंचायत उत्साहानं उंदीर मारायचं विष आणते, तेव्हा क्रम विचारायला विसरू नका. आधी बिळांच्या तोंडाशी आणि घरात कीटकनाशक मारून पिसवा संपवायच्या, उंदराला हात त्यानंतर. उलट केलं तर मेलेल्या प्रत्येक उंदराच्या अंगावरच्या उपाशी पिसवा घरातल्या माणसांवर उतरतात.