हातापायांचा बधिरपणा (पेरिफेरल न्यूरोपथी)

मेंदू आणि मणक्यातून निघून हातापायांपर्यंत जाणाऱ्या नसा खराब झाल्या की त्याला पेरिफेरल न्यूरोपथी म्हणतात. सुरुवात बहुतेकदा पायाच्या बोटांपासून होते कारण सगळ्यात लांब नसा तिथवर जातात, मग बधिरपणा मोजा चढवावा तसा वर सरकतो आणि गुडघ्याच्या आसपास आला की हाताच्या बोटांतही मुंग्या सुरू होतात.

सगळ्यात मोठं कारण डायबिटीस. त्याशिवाय बी-१२ ची कमतरता (शाकाहारी लोकांत आणि डायबिटीसची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत नक्की तपासावी), दारू, काही केमोची औषधं, टीबीची आयसोनियाझिड गोळी, कुष्ठरोग. कारण न शोधता मनानेच व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत बसू नये, बी-६ मोठ्या डोसमध्ये जास्त दिवस घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात.

रोजच्या जगण्यात हे कसं असतं तर जमिनीवर पाय टेकला तरी कापसावर चालल्यासारखं वाटतं, शर्टाची बटणं लागत नाहीत, पर्समधलं नाणं हाताला कळत नाही, बाहेर काढून बघावं लागतं. माझी आई भाजी घेऊन घरी आली तेव्हा एका पायात चप्पलच नव्हती, कोपऱ्यावर कुठेतरी निसटली होती आणि तिला पत्ताच नाही, तेव्हापासून ती मागे पट्टा असलेली सँडलच घालते. बेसिनवर डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, कारण पाय कुठे आहेत हे तळव्यांकडून कळत नाही आणि ते काम डोळे करत असतात. म्हणून रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा हवाच.

खरा धोका मात्र दुखत नाही हाच आहे. वेल्लोरला १९४६ पासून काम करणारे सर्जन पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णांची बोटं आपोआप झडत नाहीत, न कळलेल्या जखमा, चटके आणि त्यावरचं इन्फेक्शन त्यांना संपवतं. डायबिटीसच्या पायाचंही तेच आहे. कुष्ठरुग्णांना देतात त्या मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे आत बारीक हवेचे कप्पे असलेल्या) रबराच्या चपला आता डायबिटीसवालेही वापरतात.

त्यामुळे रोज संध्याकाळी तळवे आरशात बघायचे, दिसत नसेल तर घरातल्या कुणीतरी बघायचे. चप्पल-बूट घालण्याआधी झटकायचे, आत खडा असला तरी पायाला कळणार नाही. आंघोळीचं पाणी कोपराने बघायचं (हातही बधिर असतील तर दुसऱ्या कुणाकडून बघून घ्यायचं), गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्यायचीच नाही, कुरूप ब्लेडने कापायचं नाही, भेगांना व्हॅसलीन लावायचं पण बोटांच्या बेचक्यात नाही. दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नये, फोड आल्याचं घरी आल्यावर दिसतं, देवाला मोजे घातलेले चालतात असं मला मनापासून वाटतं.

दवाखान्यात मोनोफिलामेंटने, म्हणजे १० ग्रॅमचा दाब देणाऱ्या नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याला स्पर्श करून संवेदना तपासतात, दोन मिनिटांचं काम आहे, डायबिटीस असेल तर वर्षातून एकदा स्वतःहून सांगून करून घ्यावं. प्रेगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन या औषधांनी आग आणि टोचणं कमी होतं, गेलेली संवेदना परत येत नाही. बी-१२ मुळे असेल आणि लवकर सापडलं तर बरीच सुधारणा होऊ शकते, पण महिने जातात.

तळव्यावर साधा फोड दिसला तरी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. "दुखत नाहीये ना, मग राहू दे" असं म्हणून राहिलेला फोडच पुढे हाडापर्यंत जातो.