संगणकाच्या कॅबिनेटमधील पंख्यांची दिशा

डेस्कटॉपच्या कॅबिनेटमधला कुठला फॅन बाहेरची हवा आत ओढणार आणि कुठला आतली गरम हवा बाहेर टाकणार, याची मांडणी. पहिल्याला इनटेक म्हणतात, दुसऱ्याला एक्झॉस्ट. समोरून नि खालून आत, मागून नि वरून बाहेर हा रिवाज असेंबल करणाऱ्या कुणालाही माहीत असतो, पण तो आला कुठून यावर मात्र एकमत नाही.

१९८१ च्या आयबीएम पीसीला कॅबिनेटचा वेगळा फॅन नव्हताच. ६३.५ वॉटच्या एसएमपीएसमधला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागातला, एकुलता एक फॅन मागून हवा बाहेर फेकायचा आणि तिची जागा घ्यायला मिळेल त्या फटीतून हवा आत शिरायची. पुढे आयबीएमची नक्कल करणाऱ्या क्लोनवाल्यांनी डबा उचलला तशी दिशाही उचलली. मग १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मदरबोर्ड नि कॅबिनेटच्या मांडणीचं मानक आणलं आणि त्यात नेमकं उलटं सुचवलं होतं, म्हणजे एसएमपीएस प्रोसेसरच्या जवळ बसवायचा, त्याच्या फॅनने बाहेरची हवा आत घ्यायची नि थेट प्रोसेसरवर सोडायची, मग प्रोसेसरला स्वतःचा फॅन लागणारच नाही अशी अपेक्षा. हे कागदावर छान होतं, पण एसएमपीएस स्वतःच तापतो आणि त्याच्या पोटातून आलेली हवा प्रोसेसरपर्यंत पोचेतो कोमट झालेली असते, शिवाय प्रोसेसर भराभर जास्त वॉट खायला लागले. पुढच्या आवृत्त्यांतून ती शिफारस गेली आणि एसएमपीएस पुन्हा हवा बाहेर टाकायला लागला. त्यामुळे आजचा रिवाज एटीएक्सने घालून दिला असं जे सर्रास लिहिलं जातं ते अर्धवटच वाटतं. मागून बाहेर टाकायची सवय जुनी आहे, समोरचा इनटेक फॅन बहुधा नव्वदीच्या उत्तरार्धात हळूहळू रुळला असावा. इंटेलनेच २००३-०४ च्या सुमारास बीटीएक्स हे दुसरं मानक काढून समोरून मागे अशी सरळ वाट आखून पाहिली, ते चाललं नाही. अ‍ॅपलच्या २००३ च्या पॉवर मॅक जी५ मध्ये आतली जागा चार भागांत तोडून नऊ फॅन वाटून दिले होते, त्यातही हवा समोरून मागेच जायची.

दुसरा वाद गरम हवा वर जाते या वाक्याचा. खरं आहे ते, पण किती जोराने जाते हे कुणी बघत नाही. अर्धा मीटर उंचीचं कॅबिनेट आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी गरम धरली तर त्यातून मिळणारा दाब साधारण ०.२ पास्कल भरतो, आणि साधा १२० मिमीचा फॅन जास्तीत जास्त १० ते २० पास्कल दाब देऊ शकतो. म्हणजे फॅन जिकडे ढकलेल तिकडे हवा जाणार, खालीसुद्धा. सिल्व्हरस्टोनने रेव्हन मालिकेत मदरबोर्ड ९० अंशांनी फिरवून सगळे पोर्ट वर आणले आणि खालचे मोठे फॅन वर फुंकायला लावले, ती कॅबिनेटं थंड राहायची यात शंका नाही, पण त्याचं श्रेय मधे आडवं काही न येणाऱ्या सरळ वाटेला जास्त द्यावं लागेल.

किती हवा लागते हा हिशोबही सोपा आहे. ३०० वॉट उष्णता बाहेर काढताना हवा १० अंशांनी तापलेली चालणार असेल तर तासाला सुमारे ९० घनमीटर, म्हणजे ५३ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खेळती हवी. खोक्यावर छापलेला सीएफएम मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि डस्ट फिल्टरमागे तो बराच पडतो. आणि खोलीच्या तापमानापेक्षा खाली कुठलाच फॅन नेत नाही, मे महिन्यात नागपुरात खोली ४२ वर असेल तर याच हिशोबाने मागून ५२ ची हवा येणार, दिशा कितीही अचूक असू दे.

आत ओढणारे फॅन जास्त की बाहेर टाकणारे, यावर दोन पक्ष आहेत. इनटेक जास्त असला की आत दाब वाढतो, फटींतून हवा बाहेर निघते आणि धूळ फक्त फिल्टरवरच अडते. एक्झॉस्ट जास्त असेल तर तापमान एखाददुसऱ्या अंशाने कमी मिळू शकतं पण मागच्या, कार्ड बसवायच्या स्लॉटच्या पट्ट्या, यूएसबीची भोकं, सगळीकडून धूळ आत येते. आपल्याकडची धूळ बघता पहिला पक्ष बरा. दाब कुठल्या बाजूचा आहे ते बघायला अगरबत्ती पुरते: मागच्या रिकाम्या स्लॉटच्या फटीपाशी धरायची, धूर आत ओढला गेला तर एक्झॉस्ट जास्त.

खुद्द फॅनची दिशा फ्रेमवरून कळते. मोटर धरून ठेवणारे तीनचार दांडे आणि स्टिकर ज्या बाजूला दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, काही कंपन्या कडेला बाणही कोरतात. हल्ली आरजीबीची, म्हणजे रंगीत दिव्यांची, चांगली बाजू काचेकडे यावी म्हणून उलट्या पात्यांचे रिव्हर्स फॅन मिळतात, तिथे हा नियम फसतो, कागदाचा कपटा धरून बघावं. वरच्या बाजूला अगदी पुढचा फॅन एक्झॉस्ट ठेवला तर समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत जायच्या आतच तो ओढून नेतो. लिक्विड कूलरचा रेडिएटर (प्रोसेसरची उष्णता द्रवातून हवेत सोडणारा भाग) समोर इनटेकवर लावला तर प्रोसेसर खूश आणि ग्राफिक्स कार्डला गरम हवा, वर एक्झॉस्टवर लावला तर उलटं.

लॅपटॉपमध्ये निवडीला वाव नसतो. सर्व्हरची वाट समोरून मागे ठरलेली. यंत्रं केबलने एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्क स्विचचे फॅन मात्र दोन्ही दिशांचे मिळतात, कारण रॅकमध्ये पोर्टची बाजू थंड हवेच्या गल्लीकडे येणार की गरम हवेच्या हे जागेवर ठरतं. सिस्कोच्या नेक्सस ९००० मालिकेत ही दिशा फॅनच्या मॉड्यूलवरच्या रंगावरून ओळखतात, पोर्टकडून हवा आत घेणारं मरून आणि पोर्टकडून बाहेर टाकणारं निळं, आणि एका स्विचमध्ये दोन्ही रंग मिसळून चालत नाहीत.